इझोबेलच्या कबरीत कोण?

१

इझोबेल मॅक्रे जिवंत होती, आणि तिची कबर भरलेली होती.

ही बातमी घेऊन अँब्रोज ट्रेगियर आला तेव्हा हेडविग लुंड अंगणातल्या बाकावर एका जुन्या फळीवरचं नाव पुन्हा गिरवत होती. मॅग्पाय बेंडच्या कबरस्तानात दगड नाहीत, लाकडी फळ्या आहेत. सोन्यासाठी लोक इथं धावत आले त्या पहिल्या हिवाळ्यापासून आधी हेडविगच्या बापानं आणि मग तिनं, सगळ्या मेलेल्यांची नावं याच अंगणात रंगवली. मे संपत आला होता. युकॉन नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला होता, आणि ऑगस्टपर्यंत मावळायचं नाव न घेणारा तो उजेड गावावर पसरला होता. त्या उजेडात आपण जेवलो की नाही, झोपलो की नाही, याचाच माणसाला विसर पडतो. हेडविगला वाटलं, ट्रेगियरही अर्धवट झोपेत काहीतरी बरळतोय.

"बस अँब्रोज. कॉफी घे आणि पहिल्यापासून सांग."

"पहिलं नि शेवटचं काय त्यात? मी आज ती बुजवायला गेलो, तर बुजवलेलीच होती."

मॅग्पाय बेंडमध्ये ऑक्टोबरपासून जमीन लोखंडासारखी होते. तिच्यात कुदळ शिरत नाही, म्हणून हिवाळ्यात लागणाऱ्या कबरी ट्रेगियर सप्टेंबरातच खणून ठेवतो आणि त्यावर फळकुटं झाकतो. किती खणायच्या, यावर हॉटेलातल्या शेगडीभोवती म्हाताऱ्यांची आठवडाभर वादावादी चालते, आणि ज्याच्याकडे बघून आकडा एकानं वाढवला जातो तो महिनाभर कुणाशी बोलत नाही. गेल्या सप्टेंबरात फाटकाजवळ चार खणल्या. पाचवी खणली अगदी पलीकडच्या कोपऱ्यात, माल्कम मॅक्रेच्या शेजारी, त्याच्या बायकोसाठी.

ही पाचवी दरवर्षीचीच. माल्कम गेल्यापासून अकरा वर्षं दर सप्टेंबरात इझोबेल जाहीर करायची, की हा हिवाळा काही आपण काढत नाही. ट्रेगियर निमूटपणे खणायचा. मे महिन्यात ती खिडकीत चहा पीत बसलेली असायची आणि तो निमूटपणे बुजवायचा. गाव हसायचं, तीही हसायची. पण यंदा डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, की बर्चची पानं पिवळी होईपर्यंत म्हातारी टिकायची नाही. म्हणून हसणं बंद झालं होतं. इझोबेलचं आता एकच मागणं उरलं होतं: माल्कमच्या शेजारची जागा.

"फाटकाजवळच्या दोन हिवाळ्यात भरल्या," ट्रेगियर बोटांवर मोजत म्हणाला. "दोन रिकाम्या आहेत. कोपऱ्यातली रिकामीच असायला हवी होती. मी बुजवली नाही. मग बुजवली कुणी? आणि हेडविग, नुसती बुजवली की आत काही घालून बुजवली?"

हेडविगनं कुंचला पाण्यात ठेवला आणि शाल घेतली.

२

गावात कुणाचं काही हरवलं की लोक आधी हेडविगकडे यायचे, मग पोलिसातल्या कॉर्पोरल डेव्हलिनकडे. कारण कॉर्पोरल लिहून घ्यायचा आणि हेडविग ऐकून घ्यायची. त्या दिवशी मात्र ते दोघंही कबरस्तानात एकदमच पोचले.

टेकडीवर बर्च वाढले होते, मातीच्या उंचवट्यांतूनही वाढले होते. इथली जमीन दर वसंतात अंग झाडते. फळ्या कुणी पुढे झुकलेल्या, कुणी मागे, जसे गप्पांच्या रंगात आलेले लोक. वरच्या अंगाला पहिल्या दोन हिवाळ्यांतले वीस-बावीस उंचवटे बिननावाचे होते. त्यांच्या फळ्या अठराशे नव्व्याण्णव सालच्या जूनमध्ये रानाला आग लागली तेव्हा जळाल्या. त्यांतल्या एकावर वाळलेली जांभळी फुलं होती. ती इझोबेलची. तिचं नऊ दिवसांचं बाळ तिथं आहे असं सगळं गाव जाणून होतं. आता तिला चालवत नव्हतं, म्हणून दर रविवारी हेडविगच फुलं नेऊन ठेवायची.

कोपऱ्यात माल्कमच्या शेजारी जमीन अगदी सपाट होती. हेडविग गुडघ्यावर बसली. कबरीत भरलेलं होतं ते पांढरं: गोल, गुळगुळीत, गारगोटीचे खडे. बाजूला ट्रेगियरच्या पिवळ्या चिकणमातीचा ढीग सप्टेंबरात टाकला तसाच पडून होता, त्यावर कोवळं गवतसुद्धा उगवलं होतं.

"माझ्या मातीला हातही लावलेला नाही," ट्रेगियर दुखावून म्हणाला. "चोवीस वर्षं मी इथं खणतोय. कुणी माझ्या कबरीत परकी खडी आणून घालावी?"

कॉर्पोरलला ट्रेगियरच्या दुःखात रस नव्हता. तो सव्वीस वर्षांचा होता आणि ही त्याची पहिलीच नेमणूक. त्याचा साधासरळ हिशेब होता, की ट्रेगियरनं घोटभर जास्त घेऊन स्वतःच कबर बुजवली आणि विसरला. तसं तो बोललाही. ट्रेगियर काही उत्तर देणार तोच कॉर्पोरलनं पायानं बाजूची फळकुटं उलटली.

फळकुटांची खालची बाजू काजळीनं काळी झाली होती. गवतात बोटभर लांबीचे कोळशाचे तुकडे पडले होते.

खालून, दूर कुठंतरी, खाणकंपनीच्या ड्रेजचा कण्हल्यासारखा आवाज येत होता. ड्रेज म्हणजे तरंगता कारखानाच. अख्खा ओढा तळासकट पोटात घेतो, सोनं ठेवून घेतो आणि मागे दगडांच्या राशी टाकत पुढं सरकतो. या उन्हाळ्यात तो लँटर्न ओढ्यात शिरणार होता.

"या खड्ड्यात आग पेटवली होती," कॉर्पोरल हलक्या आवाजात म्हणाला, आणि त्यानं टोपी काढली. "कुणाला तरी इथं जाळलंय."

३

बातमी हेडविगच्या आधी इझोबेलकडे पोचली होती. म्हातारी खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. चेहरा कागदासारखा झाला होता, पण डोळ्यांत चांगलाच अंगार होता.

"मला माहितीये तिथं कोण आहे," ती म्हणाली. "ती फ्लोरा डिल."

फ्लोरा डिल ही नाचघरातली बाई. लग्न करून इझोबेलला इथं आणायच्या आधीच्या हिवाळ्यात माल्कम तिच्याबरोबर नाचला होता, आणि हे त्यानं लग्नानंतर स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. तेवढ्या एका कबुलीवर इझोबेलनं त्याला चाळीस वर्षं धारेवर धरलं होतं. आता तिच्या मते फ्लोरा कुठंतरी मेली होती, मरताना तिनं माल्कमजवळ पुरण्याची इच्छा सांगितली होती, आणि कुणीतरी मूर्खानं ती पुरी केली होती.

हेडविगनं समजावून पाहिलं. फ्लोरा सिएटलला टोप्यांचं दुकान चालवते, दर नाताळला हॉटेलवाल्याला तिचं कार्ड येतं, पोस्टातल्या बाईनं यंदाचंही पाहिलंय. इझोबेलनं ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"मग दुसरी कुणी असेल. माल्कमला काय तोटा होता? पोरी, मी त्याच्याबरोबर बर्फातून सहाशे मैल चालत आले. बाळंतपण त्या ओढ्यावरच्या झोपडीत काढलं. बाळ गेलं तेव्हा मी तापात होते, मला तिचं तोंडही नीट आठवत नाही. सगळं सोसलं. आता एवढीशी जागा मागतेय तर तीसुद्धा दुसऱ्या कुणी घ्यावी?"

तिचा आवाज फाटला, आणि हेडविगनं तिचा हात धरला. हात फारच हलका झाला होता. या बाईकडे फार दिवस नाहीत, आणि जे आहेत ते ती मत्सरात जाळणार, हे तिला सहन होईना.

दारात कॉर्पोरल उभा होता. त्यानं खाकरून सांगितलं, की परवानगीची तार आली आहे. गुरुवारी कबर उघडायची.

"उघडा," इझोबेल म्हणाली. "जी कुणी असेल तिला बाहेर काढा आणि फाटकाजवळच्या खड्ड्यात टाका. माझी जागा मला रिकामी हवी."

तो दिवस मंगळवार होता.

४

हेडविगनं त्या दिवशी पुढे काम केलं नाही. ती नदीकाठच्या ओंडक्यावर बसून राहिली. कॉटनवूडच्या झाडांचा कापूस हवेत तरंगत होता, पाण्यावर पडत होता, पुन्हा उचलला जात होता. सगळं गाव झोपेत चालल्यासारखं दिसत होतं. अशा वेळी तिचं डोकं सगळ्यात बरं चालायचं.

गावातून कुणी नाहीसं झालं नव्हतं. ओढ्यांवरूनही कुणी नाही. त्या भागात माणसंच इतकी कमी, की एक जरी कमी झालं तरी हॉटेलातली खुर्ची रिकामी दिसते. गावात माणूस कमी नाही आणि कबरस्तानात एक जास्त, तर मग तो मेलेला माणूस नवा नाही, जुना आहे. कुठूनतरी हलवून आणलेला आहे.

आणि त्याला आणणाऱ्यानं फाटकाजवळच्या दोन रिकाम्या, सोयीच्या कबरी सोडल्या. बर्फातून ओझं ओढत तो थेट कोपऱ्यात गेला. त्याला नुसता खड्डा नको होता, माल्कमचा शेजार हवा होता.

इथवर तिचा तर्क इझोबेलच्याच बाजूनं जात होता, आणि ते तिला आवडत नव्हतं. ती उठली आणि लुसियाँ गाबूरीकडे गेली. लुसियाँ घोड्याच्या घसरगाडीवरून ओढ्यांवर माल नेतो, येताना लाकूड आणतो. हिवाळ्यात एवढी खडी आणायची तर घोडा हवा, आणि गावात घोडा त्याच्याच एकट्याकडे.

"माझ्यावर संशय, मादाम?" लुसियाँनं छातीवर हात ठेवला. "मी जिवंत माणसांचं ओझं आणतो तेच मला जड होतं. हिवाळ्यात घोडा माझ्या नजरेआड झाला तो फक्त मार्चमध्ये, आणि तेव्हा मी होतो कुठं? कुत्र्यांच्या शर्यतीला. सगळं गाव तीन दिवस नदीच्या खालच्या अंगाला गेलं होतं, तुम्हीसुद्धा. त्या पिवळ्या कुत्रीवर तुम्ही पैज हरलात."

"घोड्याकडे कोण बघत होतं तेव्हा?"

लुसियाँचा हात छातीवरून खाली आला. घोड्याकडे नेल्स हॉगन बघत होता. लँटर्न ओढ्यावरचा नेल्स, माल्कमचा जुना भागीदार. म्हातारा आपण होऊन आला होता, म्हणाला, जा तुम्ही, मी सांभाळतो. आणि हो, आता विचारताच आहात तर, यंदा नेल्सनं लाकूडही फार मागवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एकटा माणूस, आणि चार शेगड्यांचं लाकूड.

हेडविगनं खिशातला पांढरा खडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. लुसियाँनं एकदाच पाहिलं.

"लँटर्नचा," तो म्हणाला. "दुसरीकडे असा गोल, असा पांढरा मिळत नाही. पण नेल्स? मादाम, त्या माणसानं आयुष्यात माशीसुद्धा जाळली नाही."

"जाळलं कुणी म्हणालं?" हेडविग म्हणाली. कॉर्पोरल दक्षिणेतून आलेला. खड्ड्यात आग दिसली की त्याला मढं आठवलं. पण इथला जुना खाणवाला गोठलेल्या जमिनीत खाली जायचं असलं की आगच पेटवतो. लाकडं रचायची, वर फळकुटं अर्धी झाकून ऊब कोंडायची, आणि सकाळी मऊ झालेली हातभर माती उपसायची. कबरीत आग पेटवणाऱ्याला फक्त आणखी खाली जायचं होतं. ट्रेगियर दरवर्षी तीच कबर खणतो, हे त्याला माहीत होतं. ट्रेगियरची कुदळ जिथं थांबते त्याच्याही खाली त्याला काहीतरी ठेवायचं होतं.

आणि नेल्सबद्दल एक गोष्ट हॉटेलात कायम चघळली जायची. लँटर्नवरच्या आपल्या हद्दीत त्यानं चहूकडून जमीन पोखरली, पण झोपडीमागचा एक चौकोन पन्नास वर्षं तसाच ठेवला. तिथंच सोनं सगळ्यात दाट असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. लोक म्हणायचे, नेल्स म्हातारपणासाठी राखून ठेवतोय. म्हातारपण येऊन ठेपलं तरी त्यानं तो चौकोन खणला नाही.

हेडविग घरी धावतच गेली. बापाची वही खणात होती. त्यानं रंगवलेल्या प्रत्येक फळीची त्यात नोंद होती: नाव, गाव, कशानं गेला, फळी कुठं ठोकली. आगीत फळ्या जळाल्या, वही वाचली, पण त्यानंतर ती पानं उघडून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिनं नव्व्याण्णवचा हिवाळा काढला. टायफॉइड, टायफॉइड, बर्फात हरवला, स्कर्व्ही. इझोबेलची फुलं ज्या उंचवट्यावर जायची तिथं लिहिलं होतं, गुस्ताफ एकब्लाद, आचारी, स्वीडन.

तिनं पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत दोनदा बोट फिरवलं. फळी जळायला आधी ती रंगवलेली असावी लागते. मॅक्रेच्या बाळाची फळी कधी रंगवलीच गेली नव्हती.

५

लँटर्न ओढ्यावर नेल्स हॉगन झोपडीबाहेर पेटीवर बसला होता. सामान बांधलेलं होतं. ड्रेज ओढ्याच्या तोंडाशी आला होता आणि त्याच्या कण्हण्यानं झोपडीच्या काचा बारीक थरथरत होत्या. झोपडीमागच्या त्या चौकोनात आता एक छोटा खड्डा होता. फार छोटा.

हेडविगनं तो पाहिला आणि ती त्याच्या शेजारी बसली.

"ट्रेगियर रागावलाय," ती म्हणाली.

"रागावला?" नेल्सला खरंच आश्चर्य वाटलं. "का? दरवर्षी मे महिन्यात त्यालाच बुजवावी लागते. मला वाटलं, तेवढंच त्याचं काम वाचलं. त्याची माती दगड झाली होती, म्हणून माझी खडी नेली."

हेडविगला हसू आलं आणि रडूही. तिनं सांगितलं, की गुरुवारी कबर उघडणार आहेत. मग नेल्स हळूहळू बोलू लागला, आणि एकदा सुरुवात झाल्यावर थांबेना.

त्या हिवाळ्यात उणे पन्नास होतं. बाळ गेलं तेव्हा इझोबेल तापात होती आणि एकच घोकत होती: हिला खाणीत पुरू नका, गावात न्या, पाद्रीकडून प्रार्थना म्हणवा. माल्कमनं शब्द दिला. पण घसरगाडीची कुत्री हलेनात. माल्कम बायकोला सोडून जाऊ शकत नव्हता, आणि सोन्यासाठी मऊ केलेला तेवढाच एक खड्डा तयार होता. नेल्सनं बाळाला तिथं ठेवलं. पेटी त्यानंच केली. प्रार्थना नॉर्वेजियनमध्ये म्हटली, कारण त्याला दुसरी येत नव्हती. इझोबेल शुद्धीवर आली आणि पहिलं विचारलं, नेलं का? माल्कम म्हणाला, नेलं. दोन महिन्यांनी सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं. मग रानाला आग लागली, फळ्या जळाल्या, आणि जुलैत ती चालायला लागून कबरस्तानात पोचली तेव्हा माल्कमनं बोटानं एक उंचवटा दाखवला. त्यानंतर सांगायची सोय उरली नाही.

"माल्कमनं दुकान काढलं, गावात गेला. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. मी इथं राहिलो. कुणीतरी राहायला हवं होतं."

"पन्नास वर्षं, नेल्स?"

"बरी गेली," तो म्हणाला. "ती काही त्रास देत नव्हती. पण कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, जूनमध्ये इथून ड्रेज जाणार. मी विचारलं, खाली कुणी असलं तर? तो म्हणाला, नकाशावर कुणी नाही." त्यानं ड्रेजकडे पाहिलं. "ती बादल्यांची माळ बघितलीस ना? त्यातून मी तिला जाऊ देणार होतो का? मनात आलं, बापाजवळ ठेवावी. उद्या आईही तिथंच येणार. कुणाला काही कळायला नको आणि तिघं एकत्र. माल्कमला मी शब्द दिला होता, बोलणार नाही म्हणून."

"माल्कम मेला. इझोबेल जिवंत आहे, आणि ती त्या पोरीला बाहेर काढून फाटकाजवळ टाकायला सांगतेय."

नेल्सनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ड्रेजच्या आवाजात त्याचा आवाज ऐकूच आला नाही. थोड्या वेळानं तो उठला, आत गेला आणि टोपी घालून बाहेर आला.

६

गुरुवारी सकाळी कॉर्पोरल, ट्रेगियर आणि लुसियाँ इझोबेलच्या दाराबाहेर उभे होते. आत नेल्स बोलत होता. हेडविग भिंतीला टेकून उभी होती आणि तिला सारखा प्रश्न पडत होता, की आपण केलं ते बरोबर की चूक. म्हातारीच्या हातात एक खोटी कबर होती, तीही तिच्या मरणाच्या तोंडावर आपण काढून घेतली.

नेल्सचं संपलं. इझोबेल खिडकीबाहेर बघत होती.

"मग पन्नास वर्षं मी फुलं कुणाला देत होते?" तिनं विचारलं.

हेडविगनं सांगितलं. एकब्लाद नावाचा स्वीडिश आचारी. मागं कुणी नव्हतं त्याच्या.

"त्याला आवडली असतील असं धरून चालू." तिचे ओठ हलले, पण हसू आलं नाही. "मला तिथं कधी रडू आलं नाही, पोरी. एकदाही नाही. बाकीच्या बायका आपापल्या लेकरांपाशी रडायच्या, मी कोरडी. मला वाटायचं, माझंच काळीज दगडाचं. हे मी माल्कमलासुद्धा कधी सांगितलं नाही."

मग ती नेल्सकडे वळली.

"कशात गुंडाळलं होतंस तिला?"

"माझ्या कोटात."

"तो निळा? जाड लोकरीचा?" इझोबेल उशीवरून उठून बसली. "तो तर तू पत्त्यांत हरलास म्हणून सांगितलंस. अख्खा हिवाळा गोणपाट पांघरून फिरलास. मी महिनाभर तुला घालूनपाडून बोलत होते."

"बोललात खऱ्या."

"आणि तू ऐकून घेतलंस."

"दुसरं काय सांगणार होतो?" नेल्स म्हणाला.

इझोबेलनं त्याला जवळ बोलावलं आणि त्याचे गाठाळलेले दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. माल्कमबद्दल ती म्हणाली, की वर भेटल्यावर निदान चार वर्षं तरी आपण त्याच्याशी अबोला धरणार आहोत. तो त्याच लायकीचा आहे. त्यानंतर बघू.

तिनं कॉर्पोरलला आत बोलावलं. कबर उघडायची नाही, असं स्पष्ट सांगितलं. कॉर्पोरलनं तार खिशात घातली. वहीत काय लिहू, असं त्यानं बिचकत विचारलं तेव्हा इझोबेल म्हणाली, की लिहा, घरचंच माणूस होतं. ट्रेगियरला तिनं बजावलं, की माझी वेळ आली की नेहमीसारखी सहा फूट खण, त्याखाली एक बोटही जाऊ नकोस. मी तिच्या वरच निजेन. ट्रेगियर, जो सगळ्या गावाला उलट उत्तर देतो, हो म्हणाला आणि बाहेर जाऊन नाक पुसू लागला.

"आता मला तिथं न्या," इझोबेल म्हणाली.

डॉक्टरांनी तिला हलवू नका म्हणून सांगितलं होतं, याची हेडविगनं आठवण करून दिली. इझोबेलनं तिच्याकडे असं पाहिलं, की हेडविगनं मुकाट्यानं शाल आणली. लुसियाँनं गाडीत पेंढा घातला, वर गोधड्या घातल्या. नेल्स आणि कॉर्पोरलनं तिला खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. टेकडीचा चढ ते सावकाश चढले. वरच्या अंगाचे उंचवटे बाजूनं मागे गेले, तिनं तिकडं मान वळवली नाही.

कोपऱ्यात पोचल्यावर तिला खुर्चीवर बसायचं नव्हतं. त्यांनी तिला खाली बसवलं, त्या पांढऱ्या खड्यांवर. उन्हानं खडे कोमट झाले होते. तिनं त्यांवर तळहात फिरवला, एकदा, दोनदा, अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा. मग ती पुढं वाकली आणि तोंड जमिनीजवळ नेऊन काहीतरी बोलली. नेल्स सगळ्यात जवळ होता, पण त्यालाही ते कळलं नाही, आणि त्यानं नंतरही विचारलं नाही.

मग इझोबेल मॅक्रे रडली. म्हातारी माणसं रडतात तशी बारीक नाही, बाळ गेलं तेव्हा ती होती त्या चोवीस वर्षांच्या बाईसारखी, मोठ्यानं, श्वास संपेपर्यंत आणि पुन्हा. हेडविग तिच्याजवळ बसून राहिली. कॉर्पोरल टोपी हातात घेऊन बर्चांकडे बघत होता. लुसियाँचा घोडा शेजारच्या कबरीवरचं गवत खाऊ लागला, आणि त्याला कुणी हाकललं नाही.